शिडीला भिणारी जाळी

मित्रांनो, मी एक जुनी जाळी आहे. मासे पकडणारी नव्हे, बास्केटबॉलची. तांबड्या लोखंडी रिंगेखाली लोंबणारी, पांढऱ्या दोऱ्याची. माझी गोष्ट मला नीट सांगता येईल, याची खात्री नाही. माझ्या अंगात दोऱ्यापेक्षा भोकेच जास्त, तशी ती आठवणीतही असणार. शिवाय मी जन्माची भित्री. पण कोच मर्ल टॅकेट यांच्याबद्दल कुणीतरी सांगायला हवे. इतकी वर्षे त्यांच्या डोक्यावर मीच लटकत होते, म्हणून प्रयत्न करते.

माझा जन्म नदीकाठच्या एका कारखान्यात झाला. तिथे बायका गप्पा मारत मारत आम्हाला विणीत. जिने मला विणले, तिने माझी शेवटची गाठ हातांनी बांधून पुन्हा दातांनी आवळली. तिच्या शेजारणीने विचारले, "अगं, एवढी कशाला आवळतेस? दोन-तीन वर्षांत फाटायचीच आहे ती."

"माझ्या हातची नाही फाटणार," ती म्हणाली.

त्या गाठीचा मला पुढे फार आधार वाटला. माझ्याबरोबर माझी जुळी बहीण विणली गेली आणि आम्हा दोघींना एकाच कागदी पिशवीत घालून टॅन्सी क्रीकला पाठवले गेले.

टॅन्सी क्रीक हे अमेरिकेच्या इंडियाना राज्यातले, मक्याच्या शेतांमधले छोटे गाव. गावाला एक कॉलेज आणि कॉलेजला विटांचे एक जिम, म्हणजे छताखालचे खेळाचे मैदान. हिवाळ्यात शनिवारी सगळे गाव त्या जिममध्ये मावत असे. पिशवीतून बाहेर आल्यावर मी पहिल्यांदा ऐकला तो शिडीचा आवाज. लाकडी शिडी होती ती, आणि कुणी पाय ठेवला की अशी कुरकुरत असे की माझ्या गाठी ताठ होत. शिडीखाली कोच टॅकेट उभे होते. उंच, खांद्यात किंचित वाकलेले, तोंडात पेपरमिंटची गोळी. शिडी त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती आणि वर एक खेळाडू चढला होता.

"कोच, तुम्हीच बांधा की," तो वरून म्हणाला. "नवीन जाळी आहे, तुमच्या हातानं होऊ दे."

"माझं काम जमिनीवरचं. तू बांध, मी शिडी धरतो."

"घाबरता की काय?"

"हो, घाबरतो. आता बांधतोस, की खाली आल्यावर जिमला फेऱ्या मारायला लावू?"

सगळी पोरे हसली. कोचही हसले. पण मी वरून पाहत होते. शिडीवर धरलेली त्यांची बोटे पांढरी पडली होती. हा माणूस उंचीला खरोखर भितो, हे मला त्याच दिवशी कळले. खरे सांगते, तेव्हाच ते मला आवडले. इतक्या मोठ्या जिममध्ये आपल्यासारखे कुणीतरी आहे, असे वाटले.

माझे काम तसे सोपे. चेंडू वरून येतो, मी त्याला क्षणभर मिठीत घेते आणि सोडून देते. रिंगेला न शिवता चेंडू आला की माझ्या अंगातून एक मऊ फुस्स आवाज निघतो. त्या आवाजाने लोक वेडे होत. सर्वांत वेड्या लव्हर्न स्टकीबाई. गावात त्यांची खाणावळ होती आणि जिममध्ये माझ्या बरोबर मागे, पहिल्या रांगेत, त्यांची ठरलेली जागा. कोच आणि त्या एकाच शाळेत शिकलेले. पंचांचा निर्णय आवडला नाही की बाई ओरडत, "अहो, शिट्टी वाजवायला दिलीय, चघळायला नाही!" संघ हरला की दुसऱ्या दिवशी पोरांसाठी पर्सिमन नावाच्या फळाचे गोड पुडिंग घेऊन येत. जिंकल्यावर मात्र काही नाही.

"लव्हर्न, तुझ्या पुडिंगनं माझं पोट सुटलं," कोच एकदा म्हणाले.

"मग जिंक की मेल्या! मी काय अडवलंय?"

प्रत्येक सामन्याआधी, दारे उघडण्यापूर्वी, कोच एकटेच मैदानावर येत. माझ्याखाली उभे राहत, टाचा उंचावत आणि माझ्या खालच्या फासात दोन बोटे अडकवून हळूच ओढत. "काय गं, आहेस ना?" असे विचारत. त्यांची बोटे बर्फासारखी गार असत आणि थरथरत. सामन्याच्या दिवशी त्यांना अन्न जात नसे, फक्त पेपरमिंट. मग दारे उघडत, लोक आत येत आणि कोच बाकावर असे शांत बसत, जणू चर्चमध्ये बसले आहेत. लोक म्हणत, या माणसाच्या अंगात रक्त नाही, थंड पाणी आहे. पण मला त्यांची बोटे ठाऊक होती.

आता भीतीची गोष्ट सांगते. सांगतानाही माझे दोरे आखडतात.

मी रिंगेला बांधली गेल्याला काही हंगाम झाले होते. टॅन्सी क्रीक आणि कॉर्डेल ही दोन कॉलेजे अजिंक्यपदासाठी आमच्याच जिममध्ये भिडली आणि कॉर्डेल जिंकले. आमची पोरे डोक्यावर टॉवेल घेऊन बसली. तेवढ्यात मैदानावर शिडी आणली गेली. मला वाटले, दिवा गेला असेल. पण शिडी पलीकडच्या टोकाला, माझ्या जुळ्या बहिणीखाली उभी राहिली. कॉर्डेलचा एक खेळाडू हातात कात्री घेऊन वर चढला आणि त्याने तिचा एक फास कापला. लोक ओरडले. दुसरा चढला, त्याने दुसरा कापला. प्रत्येक जण दोऱ्याचा तुकडा घेऊन हसत खाली उतरत होता. कुणी तो टोपीत खोचला, कुणी कानामागे.

मला वाटले, या लोकांना वेड लागले आहे. मग मागून लव्हर्नबाईंचा पडलेला आवाज ऐकू आला. शेजारच्या नवख्या माणसाला त्या सांगत होत्या, "रीतच आहे ती. जो अजिंक्यपद जिंकतो, तो जाळी कापतो. एकेक फास एकेक पोरगा, आणि शेवटची गाठ कोच. आता आमच्या डोळ्यांदेखत कापताहेत, काय करणार?"

कॉर्डेलचे कोच डेग्नर शेवटची गाठ कापायला चढले. अंगाने जाड माणूस, आनंदाने बेभान झालेला. शिडी एका बाजूला झुकली. तेव्हा कोच टॅकेट बाकावरून उठले, हरलेल्या पोरांना ओलांडून पार पलीकडच्या टोकाला गेले आणि त्यांनी शिडी धरली. आमचे काही लोक चिडले. एकाने हाकच मारली, "मर्ल, त्यांची शिडी कशाला धरतोस?"

"तो पडेल म्हणून," कोच म्हणाले.

माझी बहीण कोच डेग्नरांच्या हातात गोळा होऊन पडली. तिने माझ्याकडे पाहिले की नाही, मला सांगता येत नाही. इतक्या लांबून दिसत नव्हते.

तिच्या जागी नवी जाळी आली. तिला मी कात्रीची गोष्ट सांगितली तर ती म्हणाली, "वा! म्हणजे आपल्यालाही कधीतरी मान मिळणार!" तिच्याशी मी पुन्हा त्या विषयावर बोलले नाही.

त्या दिवसापासून मी दोन इच्छांच्या मधोमध लटकू लागले. कोच जिंकावेत, असे मला मनापासून वाटे. पण ते अजिंक्यपद जिंकले तर शिडी येणार, कात्री येणार आणि माझे तुकडे होणार. म्हणून मी मनात म्हणे, कोच पुष्कळ सामने जिंकोत, फक्त शेवटचा नको. दुसरा क्रमांक काही वाईट नसतो. आणि कोच खरोखर वर्षानुवर्षे दुसरेच येत राहिले. प्रत्येक हंगामाच्या शेवटी ते माझ्याखाली उभे राहून वर पाहत आणि म्हणत, "याही वर्षी नाही गं." मला सुटल्यासारखे वाटे, आणि लगेच त्यांचा चेहरा पाहून जीव नकोसा होई.

पुढे क्लाइड प्रूइट नावाचा मुलगा संघात आला. हात लांब, हनुवटी खाली. सरावात त्याचा चेंडू माझ्यातून पाण्यासारखा वाहे आणि सामन्यात रिंगेवर आपटे. एका संध्याकाळी सगळे गेल्यावर तो एकटाच रेषेवर उभा राहून फ्री थ्रो, म्हणजे कुणी न अडवता टाकायचे चेंडू, मारत होता आणि चुकत होता. कोच येऊन शेजारी उभे राहिले.

"काय होतंय?" त्यांनी विचारले.

"काही नाही, कोच."

"काही नाही तर चेंडू दगडासारखा का फेकतोयस?"

क्लाइडने चेंडू काखेत धरला. मग म्हणाला, "लोक बघतात ना, तेव्हा भीतीनं रिंगच दिसत नाही. मी या खेळाच्या लायकच नाही बहुतेक."

"सामन्याच्या दिवशी मी काय जेवतो, माहितीये?"

"नाही."

"काही नाही. घशाखाली उतरतच नाही. चाळिशी ओलांडली, पन्नाशी ओलांडली, तरी तेच." त्यांनी खिशातून पेपरमिंटची गोळी काढून त्याला दिली. "भीती जायची वाट बघत बसलास तर म्हातारा होशील. आपण दोघं मिळून घाबरू. तू चेंडू टाकत राहा, मी इथं उभा आहे."

ते तिथे उभे राहिले. चेंडू अजूनही चुकत होते, पण अंधार पडेपर्यंत दोघेही हलले नाहीत. मला वाटले, हे बोलणे त्यांनी मलाही ऐकू जावे म्हणून केले असेल. तसे नसेलही. जाळीला कोण ऐकवते?

क्लाइडचे कॉलेजातले शेवटचे वर्ष आले, तेव्हा कोचनीही सांगून टाकले की हा त्यांचाही शेवटचा हंगाम. गावात एकच वाक्य ऐकू येऊ लागले, "मर्लला एकदा तरी जाळी कापायला मिळायला हवी." लोक प्रेमाने म्हणत आणि माझे दोरे गार पडत. संघ जिंकत गेला. शेवटचा सामना आमच्याच जिममध्ये, कॉर्डेलशीच ठरला. सकाळी मी सामानाच्या खोलीचे दार उघडे पाहिले. आत शिडी भिंतीला टेकून उभी होती आणि तिच्या पायरीवर कुणीतरी कात्री ठेवली होती.

त्या दिवशी कोच आले तेव्हा त्यांच्या बोटांत इतका कंप होता की फासात ती दोनदा अडकलीच नाहीत. "काय गं, आहेस ना?" त्यांनी विचारले. मी आहे, पण उद्या असेन का, असे मला विचारायचे होते.

उत्तरार्धात आमचा संघ माझ्या बाजूला चेंडू टाकत होता. सामना शेवटापर्यंत ताणला गेला. अगदी थोडे सेकंद उरले आणि कॉर्डेल तीन गुणांनी पुढे होते. चेंडू क्लाइडच्या हातात आला. तो लांब कोपऱ्यात होता, समोर दोन खेळाडू. त्याने चेंडू भिरकावला. चेंडू येताना मला दिसला आणि मी सगळ्या गाठी आवळून घेतल्या. तो माझ्यातून इतक्या वेगाने गेला की माझे खालचे टोक वर उडाले आणि मी उलटून रिंगेवरच अडकले. मी भीतीने वर गेले की चेंडूच्या जोराने, ते मला आजही कळलेले नाही. जाळीसाठी ही लाजेची गोष्ट. भर सामन्यात मी डोक्यावर पांघरूण ओढून बसल्यासारखी बसले होते.

तेव्हा लांबून टाकलेल्या चेंडूलाही दोनच गुण मिळत; ते मिळाले, तरी आम्ही एका गुणाने मागे. शिवाय बास्केट झाल्यावरही घड्याळ चालूच राही. कॉर्डेलच्या खेळाडूने चेंडू घेऊन नुसते रेषेबाहेर उभे राहायचे, की सामना संपला. कोचजवळ खेळ थांबवून घेण्याची एकही संधी उरली नव्हती. आणि तेवढ्यात पंचांची शिट्टी वाजली. त्यांनी वर बोट दाखवले. जाळी अडकली होती. ती सोडवल्याशिवाय खेळ चालवता येत नाही, म्हणून घड्याळ थांबले.

"अहो, चालू द्या की!" कोच डेग्नर ओरडले. "साधी जाळी आहे ती!"

"साधी आहे तर तुझं काय जळतंय?" मागून लव्हर्नबाई गरजल्या.

"शिडी आणा," पंच म्हणाले.

तो शब्द ऐकून मी रिंगेला आणखीच बिलगले. पण खाली पाहिले तर कोचनी पोरांना जवळ गोळा केले होते, आणि मला सगळे ऐकू येत होते.

"आता त्यांना चेंडू आत टाकावाच लागेल," कोच म्हणाले. "तेही घाबरलेत. घाबरलेला माणूस सगळ्यात उंच डोकं शोधतो. चेंडू त्यांच्या त्या ताडमाड पोराकडे जाणार. क्लाइड, तू त्याच्या पाठीमागे दडून राहा."

"कोच, मी पण घाबरलोय."

"मी पण. जा."

शिडी यायच्या आत कॉर्डेलच्या त्याच ताडमाड खेळाडूने उडी मारली. "उतर बाई खाली," असे पुटपुटत त्याने बोटाने मला सोडवले. शिट्टी वाजली. रेषेबाहेरच्या मुलाने डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले आणि त्या उंच मुलाकडे चेंडू फेकला. त्याच्या पाठीमागून क्लाइडचा लांब हात आला. चेंडू उडाला, क्लाइडने तो धरला, दोन पावले टाकली आणि माझ्याखाली येऊन हळूच वर ठेवला. चेंडू माझ्यातून उतरला. फुस्स. आणि भोंगा वाजला.

जिममध्ये काय झाले, ते मला वर्णन करता येत नाही. कोच बाकावरच बसून राहिले होते, तोंडावर हात घेऊन. लव्हर्नबाई रडत रडत पंचांना मिठी मारत होत्या. आणि मी कुरकुर ऐकली. शिडी येत होती. ती पलीकडे जाईल, असे मला वाटले. नव्या जाळीला हौसही होती. पण क्लाइड म्हणाला, "ही. हिनंच घड्याळ थांबवलं."

पहिली कात्री लागली तेव्हा मी पाहणेच सोडून दिले. दुखले नाही, पण प्रत्येक फासाबरोबर मी एका बाजूने ढिली होत गेले. एकेक पोरगा आला, आपला तुकडा घेऊन गेला. मी एकाच आशेवर होते. शेवटची गाठ कोचची, आणि कोच शिडी चढत नाहीत. बहुतेक तेवढी तरी राहील.

उरली ती कारखान्यात दातांनी आवळलेली गाठच. तिच्यावर मी एका चिंधीसारखी लोंबत होते. लोक हाका मारू लागले, "कोच! कोच!" कोच शिडीपाशी आले आणि थांबले. पोरे त्यांना ढकलत होती, हसत होती. त्यांचा चेहरा मेणासारखा झाला होता.

"क्लाइड कापेल," ते म्हणाले.

"नाही कोच," क्लाइड म्हणाला. "दोघं मिळून घाबरू, म्हणाला होतात ना?"

तेव्हा गर्दीतून कोच डेग्नर पुढे आले. डोळे लाल, टाय सुटलेला. त्यांनी शिडीचे दोन्ही पाय धरले. मग म्हणाले, "चढ, मर्ल. मी धरलीय."

पोरांचे हसणे थांबले. कोच चढू लागले. शिडी कुरकुरली, ते खाली न पाहता फक्त माझ्याकडे पाहत होते. अगदी वर आल्यावर पायरी हलली. त्यांचा तोल गेला आणि आधारासाठी त्यांनी हाताला लागेल ते धरले. ते मी होते.

मित्रांनो, एवढी वर्षे मी एकच मागणे मागितले होते, की मला कुणी कापू नये. त्या क्षणी ते मागणे कुठे गेले, कळले नाही. त्यांचे सगळे ओझे माझ्या एका गाठीवर होते. मी तिला विनवीत होते, सुटू नकोस. अगं, सुटू नकोस, हा माणूस पडेल. ती सुटली नाही. त्यांनी दुसऱ्या हाताने रिंग पकडली, श्वास घेतला, आणि फक्त मला ऐकू येईल असे म्हणाले, "काय गं, आहेस ना?"

मग त्यांनी कात्री उघडली. त्यांचा हात थरथरत होता. मीही थरथरत होते. पण आम्ही दोघे एकाच शिडीवर होतो.

खाली आल्यावर त्यांनी मला गळ्यात घातले. त्यांचे काळीज माझ्या दोऱ्यांखाली चेंडूसारखे उसळत होते. ते कोच डेग्नरांच्या खांद्यावर हात ठेवून कितीतरी वेळ उभे होते. लव्हर्नबाईंनी डोळे पुसत बजावले, "उद्या पुडिंग नाही हं."

"उद्या नकोच देऊ. आज काय आहे?" कोच म्हणाले. सामन्याच्या दिवशी, मला वाटते, त्यांना पहिल्यांदाच भूक लागली होती.

पुढे कित्येक वर्षे मी त्यांच्या स्वयंपाकघरात, खिडकीजवळच्या खिळ्यावर होते. रोज सकाळी कॉफी ठेवताना ते मला बोट लावत आणि तोच प्रश्न विचारत. एका हिवाळ्यात तो प्रश्न आला नाही. माणसे काळे कपडे घालून आली, स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलली. कुणीतरी खिळ्यावरून मला काढले आणि म्हणाले, "हे काय फडकं आहे? टाकून देऊ का?" कात्रीला भ्यायले नव्हते एवढी मी त्या वेळी भ्यायले.

"खबरदार!" दारातून लव्हर्नबाई म्हणाल्या. त्यांनी माझी हातरुमालासारखी घडी घातली आणि मला क्लाइडच्या हातात दिले.

क्लाइड आता टॅन्सी क्रीकचा कोच आहे. सामन्याच्या दिवशी मी त्याच्या कोटाच्या खिशात असते, पेपरमिंटच्या गोळ्यांशेजारी. बाकावर तो फार शांत दिसतो, असे लोक म्हणतात. आत खिशात त्याची बोटे माझ्या तुटक्या फासांत अडकलेली असतात, गार आणि कापणारी. वर रिंगेला एक तरुण जाळी आहे. शिडी वाजली की ती ताठ होते. मला खिशातूनही कळते.

मित्रांनो, मी काही शहाणी नाही, आणि अजून माझी भीती गेलेली नाही. जुन्या वस्तू जपून ठेवा, असे मी सांगायला हवे, आणि ते सांगतेच. फडके म्हणून कुणाला टाकू नका. पण त्याहून एक गोष्ट मोठी वाटते. कुणी भीत भीत शिडी चढताना दिसले, तर खाली उभे राहून हसू नका. तो तुमचा असो, नाहीतर नुकताच तुम्हाला हरवलेला असो. जा, आणि शिडी धरा. आणि वरच्याला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात विचारा, "आहेस ना?"